पंचावन्न टनांची तोफ, वीस किलोंची प्रतिकृती

घणाघाती भाषण करणाऱ्या वक्त्याला आपण मुलूखमैदान तोफ म्हणतो. खरी मुलूखमैदान तोफ विजापूरच्या (आताच्या विजयपुराच्या) शेर्झा बुरुजावर आहे. १५४९ मध्ये ती अहमदनगरला निजामशाहीत ओतली गेली, काही काळ परांड्याच्या किल्ल्यात होती, आणि तेथून विजापूरला नेण्यात आली. लांबी सुमारे ४.४५ मीटर, व्यास सुमारे दीड मीटर, वजन सुमारे ५५ टन. तोंडाशी सिंहाचा उघडा जबडा कोरला आहे आणि त्या जबड्यात हत्ती चिरडला जात आहे.

शाळेच्या स्नेहसंमेलनात किंवा गणेशोत्सवाच्या देखाव्यात अशी तोफ कोणालाही हवीशी वाटेल. पुठ्ठ्याची केली तर ती पहिल्याच पावसात जाते, पत्र्याची केली तर सिंहाचे तोंड जमत नाही. मग कोणीतरी म्हणतेच, 'फायबरची करू या, घरीच होते.' होते हे खरे. आमचे रोजचे काम बहुवारिकांवरचे, म्हणजे प्लास्टिक आणि रेझिनांच्या कुळातल्या पदार्थांवरचे, असल्याने अशा वेळी शाळा आणि मंडळे आम्हांला बोलावतात. दोन वर्षांपूर्वी आम्ही तिघा सहकाऱ्यांनी एका शाळेसाठी याच तोफेची अर्ध्या मापाची प्रतिकृती करून दिली. तेव्हा मुलांनी विचारलेल्या प्रश्नांतून हा लेख तयार झाला आहे.

पहिला प्रश्न वजनाचा होता. अर्ध्या मापाची तोफ म्हणजे लांबी सव्वादोन मीटरला थोडी कमी आणि व्यास ७५ सेंटिमीटर. हीच तोफ मूळ धातूत ओतली तर वजन किती भरेल? अनेक मुलांनी साडेसत्तावीस टन असे उत्तर दिले. परंतु लांबी, रुंदी आणि उंची या तिन्ही निम्म्या झाल्या, म्हणजे आकारमान एक-अष्टमांश झाले. उत्तर येते जवळजवळ ७ टन. प्रतिकृती मात्र पोकळ कवचाची असते आणि कवचाचे वजन पृष्ठफळावर ठरते. नळीचे वक्रपृष्ठ π × ०.७५ × २.२२, म्हणजे सुमारे सव्वापाच चौरस मीटर. फायबरग्लासच्या दोन थरांच्या कवचाचे वजन दर चौरस मीटरला साडेतीन किलोंच्या आसपास भरते. म्हणजे नळी अठरा-एकोणीस किलोंची, आणि जबड्यासकट सगळी तोफ वीस-बावीस किलोंची. दोन मुले ती सहज उचलतात. पूर्ण मापाची केली तर पृष्ठफळ चौपट होईल, कवच थोडे जाडही लागेल. तरी १०० ते १२० किलोंत काम भागेल. न्यूयॉर्कच्या अमेरिकन म्युझियम ऑफ नॅचरल हिस्टरीमध्ये छताला टांगलेला निळा देवमासा याच हिशेबाने टांगता आला आहे. तो २८ मीटरांहून लांब आहे, आतून फोम आणि बाहेरून फायबरग्लास. वजन साडेनऊ टन. खरा मासा शंभर टनांच्या पुढे जातो.

काच मजबूत कशी?

दुसरा प्रश्न अधिक खोल होता. काच तर हातातून पडली की फुटते, मग काचेची तोफ टिकेल कशी?

काचेतील अणूंमधले बंध कमकुवत नसतात. त्या बंधांवरून हिशेब केला तर काच पोलादाला मागे टाकायला हवी. ती तशी वागत नाही, याचे कारण इंग्लंडमधील ए. ए. ग्रिफिथ या अभियंत्याने १९२० च्या सुमारास शोधून काढले. काचेच्या पृष्ठभागावर डोळ्यांना न दिसणारे बारीक ओरखडे असतात. ताण दिला की तो ओरखड्याच्या टोकाशी एकवटतो, चीर पुढे सरकते आणि तिला अडवणारे काही नसल्यामुळे क्षणात आरपार जाते. काच कापणारा कारागीर हिरकणीने एक रेघ ओढतो आणि हलकेच दाब देतो, तेव्हा तो याच गोष्टीचा उपयोग करून घेत असतो.

ग्रिफिथने काचेचे बारीक बारीक तंतू ओढले आणि प्रत्येकाची ताकद मोजली. एक मिलिमीटर जाडीच्या तंतूला दर चौरस मिलिमीटर छेदामागे सुमारे १७ किलो भार पेलवला. सुमारे ३ मायक्रॉन जाडीच्या तंतूला त्याच हिशेबाने साडेतीनशे किलोंच्या जवळपास, म्हणजे वीसपट! काच तीच होती. तंतू जितका बारीक, तितकी त्यावर मोठा ओरखडा असायला जागाच कमी. प्रयोगशाळेत बर्नरवर काचेची नळी तापवून तिचा केसासारखा तंतू ओढून पाहावा. ताजा तंतू चांगला वाकतो. तोच बोटांनी चोळून पुन्हा वाकवला तर बहुधा मोडतो, कारण चोळताना त्यावर ओरखडे पडलेले असतात. हा प्रयोग शिक्षकांनी स्वतः करून दाखवावा, आणि चष्मा लावूनच.

असे तंतू मोठ्या प्रमाणात बनवण्याची रीत १९३०-४० च्या दशकात अमेरिकेत बसवली गेली. दुसऱ्या महायुद्धात विमानातील रडारवर बसवण्यासाठी रेडिओलहरींना आरपार जाऊ देणारी मजबूत टोपणे हवी होती. धातूची चालत नव्हती. काचतंतू आणि रेझिन यांची जोडी तेव्हा जमली. युद्धानंतर तिच्या होड्या झाल्या आणि १९५३ मध्ये तर शेव्हरोले कॉर्व्हेट या मोटारीची सगळी बाह्य काया. बाकी इतिहास येथे नको.

एकटा तंतू कितीही बळकट असला तरी त्याची तोफ होत नाही. कित्येक हजार तंतूंना एकत्र धरून ठेवणारे काहीतरी हवे. ही कल्पना आपल्याकडे नवी नाही. मातीच्या भिंतीत तूस किंवा गवत कालवतात, मूर्तिकार प्लास्टरमध्ये काथ्या घालतात. काथ्याचा एक धागा वीतभर लांब, पण त्याचा दोर विहिरीच्या तळापर्यंत पोचतो. पिळामुळे धागे एकमेकांना घट्ट धरतात आणि एकाचा भार दुसऱ्याकडे जातो. फायबरग्लासमध्ये पिळाचे काम रेझिन करते. मॅटमधील, म्हणजे दुकानात चटईसारख्या मिळणाऱ्या पांढऱ्या कापडातील, तंतूंचे तुकडे सुमारे ५ सेंटिमीटर लांब असतात. रेझिन त्यांना सर्व बाजूंनी चिकटते आणि एका तुकड्यावरचा भार शेजारच्याकडे पोचवते. चीर पडलीच तर ती रेझिनमधून धावत येते, तंतूशी आली की तिची दिशा बदलते, तंतूच्या कडेकडेने सरकण्यात तिची ऊर्जा संपते. एक तंतू तुटला तरी पुढचा नवा असतो, त्यावर आधीचा ओरखडा नसतो.

म्हणजे ताकद तंतूंची, रेझिन केवळ निरोप्या. तरीही वजनाने पाहिले तर मॅटच्या कवचात काच साधारण ३० टक्के आणि उरलेले रेझिन! आपण ज्याला सरसकट 'फायबर' म्हणतो ते दोन-तृतीयांशाहून अधिक रेझिनच असते. नवशिका माणूस 'जास्त घातले तर जास्त मजबूत' असे समजून आणखी ओततो. त्याने कवच जड आणि ठिसूळ होते.

तंतू नीट भिजले की नाही हे ओळखण्याची सुंदर सोय निसर्गानेच करून ठेवली आहे. कोरडी मॅट पांढरी दिसते, कारण प्रत्येक तंतूच्या पृष्ठभागावर प्रकाश परावर्तित आणि अपवर्तित होत विखुरतो. काचेचा आणि रेझिनचा अपवर्तनांक जवळजवळ सारखा, १.५५ च्या आसपास, असतो. त्यामुळे रेझिन मुरले की तंतू दिसेनासे होतात. जेथे पांढरा डाग उरला तेथे हवा अडकली आहे असे समजावे आणि ब्रशच्या टोकाने टोचत ती बाहेर काढावी. वर्गात हेच दाखवायचे असेल तर बोरोसिलिकेट काचेची कांडी ग्लिसरीनमध्ये बुडवावी. बुडालेला भाग नाहीसा झाल्यासारखा वाटतो.

पातळ रेझिन घट्ट का होते?

पॉलिएस्टर रेझिन म्हणजे लांब साखळ्यांच्या रेणूंचे स्टायरीन या द्रवातील द्रावण. साखळ्यांत ठिकठिकाणी द्विबंध असतात, स्टायरीनमध्येही एक असतो. हार्डनर घातला की मुक्त मूलके तयार होतात. एक मूलक द्विबंध उघडते, त्यातून नवे मूलक तयार होते, ते पुढचा द्विबंध उघडते. स्टायरीनचे रेणू शिडीच्या पायऱ्यांसारखे दोन साखळ्यांना जोडत जातात आणि पाहता पाहता सगळ्या द्रवाचे एकच जाळे होते. या क्रियेत पाणी किंवा वायू बाहेर पडत नाही, बाहेरून उष्णता किंवा दाबही द्यावा लागत नाही. बेकेलाइटसाठी तापवलेला दाबयंत्रातला साचा लागतो, फायबरग्लासला ब्रश पुरतो. ते घरी करता येते याचे सारे रहस्य इतकेच आहे.

रसायनाच्या शिक्षकांना येथे एक गंमत आढळेल. दुकानदार हार्डनरला 'कॅटॅलिस्ट' म्हणतो. तो असतो मिथिल इथिल कीटोन पेरॉक्साइड, आणि तो अभिक्रियेत खर्ची पडतो. म्हणजे पाठ्यपुस्तकाच्या व्याख्येने तो उत्प्रेरक नव्हेच. याउलट ज्याला 'ॲक्सिलरेटर' म्हणून विकतात त्या जांभळट द्रवातील कोबाल्टचे आयन एका अवस्थेतून दुसऱ्या अवस्थेत जात-येत पेरॉक्साइडचे विघटन करत राहतात. खरा उत्प्रेरक तो!

ही शृंखला-अभिक्रिया उष्णता बाहेर टाकते, आणि घरगुती कामातील निम्मे अपघात या एका वाक्यात आहेत. साच्यावर पसरलेल्या दोन मिलिमीटर थराची उष्णता लगेच हवेत जाते. तेच रेझिन मगमध्ये साठून राहिले तर उष्णतेला वाट मिळत नाही, तापमान वाढते, वाढल्यामुळे अभिक्रिया आणखी वेगाने होते. एका शाळेत आम्ही गेलो तेव्हा व्हरांड्यात प्लास्टिकचा मग धुरत होता. तळ वितळून रेझिनचा पिवळा, तडकलेला गोळा फरशीला चिकटला होता, आणि त्याच्या भोवती आठवीची मुले कौतुकाने उभी होती. वापरून उरलेले, हार्डनर घातलेले रेझिन डब्यात न ठेवता जुन्या पत्र्यावर पातळ पसरून टाकावे. पुठ्ठा किंवा वर्तमानपत्र त्याखाली नको.

हार्डनरचे प्रमाण साधारण १ ते २ टक्के असते, म्हणजे किलोभर रेझिनला १० ते २० मिलिलिटर. १० अंश तापमान वाढले की अभिक्रियेचा वेग ढोबळमानाने दुप्पट होतो. म्हणून डिसेंबरात पुण्याला जमलेले प्रमाण एप्रिलात नागपूरला वापरले तर ब्रश भांड्यातच अडकेल. आधी वाटीभर रेझिनवर प्रयोग करून वेळ मोजावा, आणि एका वेळी अर्ध्या किलोहून अधिक कालवू नये.

तोफ घडते कशी?

सगळ्यांत अधिक वेळ मूळ नमुन्याला लागतो, आणि मुलांचे खरे काम तेथेच आहे. लाकडी आसावर प्लायवूडच्या गोल चकत्या ठोकल्या, त्यांवर पट्ट्या, त्यांवर प्लास्टरमध्ये बुडवलेले गोणपाट. मग तोफेच्या बाह्यरेषेप्रमाणे कापलेला पत्र्याचा फर्मा स्थिर ठेवून नमुना आसाभोवती फिरवला की ओले प्लास्टर बरोबर हव्या त्या आकारात खरवडले जाते. कुंभाराचे चाक आडवे केले तर असेच होईल. मुलांनी छायाचित्रांवरून मापे काढली, निम्मी केली, फर्मा कापला. त्यात भूमिती, इतिहास आणि सुतारकाम असे तिन्ही तास वसूल झाले. सिंहाचा जबडा वेगळा, शाडूचा केला.

साचा दोन भागांत का, हे कळायला मोदकाचा साचा आठवावा. तो पाकळ्यांनी उघडत नसता तर मोदक मोडल्याशिवाय बाहेर आला नसता. नळीला दोन अर्ध्या पन्हळी पुरतात. जबड्याचे सुळे आणि हत्ती यांच्यासाठी मात्र चार तुकडे करावे लागले. नमुन्यावर चपड्याचे पॉलिश, मग काथ्या घातलेल्या प्लास्टरचा साचा, आणि साच्याच्या आत पुन्हा पॉलिश व मेणाचे तीन-चार हात. मेणात कुचराई केली तर कवच साच्याला कायमचे चिकटते.

आतला क्रम उलटा असतो. जो थर शेवटी बाहेरून दिसणार तो पहिल्यांदा लावायचा. जेलकोट नावाचे दाट, रंग घातलेले रेझिन अर्धा मिलिमीटर जाडीने लावले, ते बोटाला चिकटेनासे नव्हे, पण बोटाला डागही लागेनासा झाला की त्यावर रेझिन, मॅट, पुन्हा रेझिन, पुन्हा मॅट. मॅटची कड कात्रीने न कापता हाताने फाडली तर सांधा दिसत नाही. कोपऱ्यात मॅट बसत नाही, तेथे आधी रेझिनमध्ये शंखजिऱ्याची पूड कालवून गोलाई भरून घ्यावी.

एक गोष्ट अनेकांना चकवते. फायबरग्लास मजबूत असले तरी ताठ नाही. मॅटच्या कवचाचा ताठपणा पोलादाच्या पंचविसाव्या हिश्शाहूनही कमी असतो. दोन मिलिमीटरचा सपाट तक्ता थरथरतो. जाडी दुप्पट केली तर वाकण्याचा विरोध आठपट होतो, परंतु वजन आणि खर्चही दुप्पट. त्यापेक्षा आकाराची मदत घ्यावी. सपाट कागद हातात लोंबतो, त्याची पन्हळ केली की ताठ उभा राहतो. तोफ गोल असल्याने निम्मे काम आपोआप झाले. उरलेले नळीवरील उठावदार कड्यांनी केले. तोफेचा गाडा मात्र सपाट फळ्यांचा. तो आम्ही सरळ लाकडाचाच केला.

नमुना थर्माकोलचा करावा असे अनेकांच्या मनात येते. रेझिनमधील स्टायरीन हाच थर्माकोलचा मूळ घटक, त्यामुळे थेंब पडताच थर्माकोल विरघळून खड्डा पडतो. शिवाय सजावटीच्या थर्माकोलवर महाराष्ट्रात २०१८ मध्ये बंदी आली.

मुलांच्या हाती काय द्यावे?

येथे आम्ही स्पष्ट बोलू. नमुना, फर्मा, मापे, रंग ही कामे मुलांची. रेझिन कालवणे आणि लावणे हे काम मुलांचे नाही, अकरावी-बारावीच्याही नाही.

हार्डनरचा एक थेंब डोळ्यात गेला तर बुबुळाला कायमची इजा होऊ शकते, दृष्टीही जाऊ शकते. डोळे सर्व बाजूंनी झाकणारा चष्मा हवा. साधा चष्मा पुरत नाही. थेंब उडालाच तर निदान १५ मिनिटे वाहत्या पाण्याने डोळा धुवावा आणि तडक डॉक्टरांकडे जावे. हार्डनर आणि कोबाल्ट एकमेकांत थेट कधीही मिसळू नयेत. पेरॉक्साइडचे विघटन इतक्या झपाट्याने होते की आग किंवा स्फोट होऊ शकतो. ब्रश धुण्याच्या ॲसिटोनमध्येही हार्डनर पडता कामा नये. दुकानातून कोबाल्ट आधीच घातलेले रेझिन मागावे. ती दुसरी बाटली घरात आलीच नाही तर गोंधळ व्हायला वावच उरत नाही.

स्टायरीनची वाफ सुमारे ३१ अंशांपासून ठिणगीने पेट घेऊ शकते. आपल्याकडे मे महिन्यात सावलीतले तापमानही याहून अधिक असते, म्हणून जवळपास शेगडी, उदबत्ती, वेल्डिंग काही नको. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१८ मध्ये स्टायरीन 'बहुधा कर्ककारक' गटात घातले. काम उघड्यावर करावे, आणि तोंडाला रुमाल बांधून समाधान मानू नये. रुमाल वाफ अडवत नाही. त्यासाठी सक्रिय कोळशाची डबी असलेला मुखवटा लागतो. कवच घासताना उडणारी धूळ वेगळी. मॅटचे तंतू जाड असल्याने सहसा फुप्फुसात खोलवर जात नाहीत, त्वचेला मात्र खाजवून हैराण करतात. रेझिनची बारीक धूळ आत जाते. त्यामुळे घासकाम ओल्या पॉलिशपेपरने, पाणी टाकत करावे.

आणि मुळात फायबरग्लासच हवे का? एकदा घट्ट झालेले हे रेझिन पुन्हा वितळत नाही, विरघळत नाही, जाळले तर काळा विषारी धूर देते. तोफ दोन दिवसांच्या संमेलनासाठी हवी असेल तर बांबूच्या कामट्यांवर कागद आणि खळ यांचे सात-आठ थर द्यावेत. कागदातही तंतूच असतात आणि खळ रेझिनचेच काम करते. त्यात आठवीच्या मुलांनी कोपरापर्यंत हात माखून घेतले तरी हरकत नाही. तोफ दहा वर्षे मैदानात उन्हापावसात उभी राहणार असेल तरच फायबरग्लासचा विचार करावा. आमच्या शाळेला ती प्रवेशद्वाराशी कायमची ठेवायची होती, म्हणून आम्ही तयार झालो.

साच्यातून निघालेले कवच वरून सारखेच दिसते. आतले थर एकमेकांपासून सुटले आहेत का हे पाहायला नाणे पुरते. सगळ्या पृष्ठभागावर वीतभर अंतराने नाण्याने टकटक करावी. चांगल्या भागातून खणखणीत आवाज येतो, थर सुटला असेल तेथे बद्द. हे काम मुलांनी मोठ्या चवीने केले आणि खडूने तीन वर्तुळे काढली. तिन्ही ठिकाणी आम्ही आतून बारीक भोक पाडून सुईने रेझिन भरले.